कोठारावरचा डावखुरा

सहा महिने माझ्याकडे राहून परत जाताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकच काम सांगितलं होतं. त्या लाकडी कोठारावरची जाहिरात कोणी रंगवली, एवढं मालकाला विचारायचं. कोठार अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर होतं आणि मालकाचं घर त्याला लागूनच. मी विचारलं नाही, पण विचारलं म्हणून सांगितलं.

अण्णा बार्शीत पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि मुख्य म्हणजे रस्त्याकडेच्या भिंती. बिडी, सिमेंट, खत, धुण्याचा साबण. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण इंग्रजी अक्षर रंगवायला गेले की कधी चुकले नाहीत. "अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर माझं," असं म्हणायचे. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत त्यांचे रंगाचे डबे वाळून गेले. तोवर मी इंजिनीअर होऊन पुण्याला आणि पुण्याहून इकडे आलो होतो.

ते आले त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही सफरचंदांच्या बागेत निघालो होतो. मी, बायको, मुलगी आणि पुढच्या सीटवर अण्णा. एका वळणानंतर उजव्या हाताला ते कोठार आलं. चारा साठवायचं जुनं, राखाडी पडलेलं, आणि रस्त्याकडच्या अख्ख्या बाजूवर चघळायच्या तंबाखूची जाहिरात. काळ्यावर पिवळी-पांढरी अक्षरं, एकेक अक्षर माणसापेक्षा उंच. अर्धी उडालेली.

"थांब, थांब, थांब," अण्णा म्हणाले. मी गाडी कडेला घेतली.

"इथंही तंबाखूच!" ते हसायला लागले. "म्हणजे सातासमुद्रापार आमचा धंदा एकच." मग काच खाली करून बघत राहिले. "सूत मारलंय बघ. इतकी वर्षं झाली, फळ्या वाकल्या, पण ओळ हललेली नाही." सूत मारणं म्हणजे दोरीला नीळ लावून, ती ताणून, झटका देऊन सरळ रेघ उमटवणं. मला ते माहीत होतं. माहीत असल्याचं मी दाखवलं नाही.

"आणि तो पाय बघ त्या अक्षराचा," त्यांनी R कडे बोट केलं. "फराटा उजवीकडून डावीकडे आणलाय. हा डावखुरा होता. शंभर टक्के."

मागून मुलगी म्हणाली, "आजोबा, जस्ट टेक अ पिक्चर ना."

"फोटोत ब्रश दिसत नाही गं," अण्णा म्हणाले आणि दार उघडायला लागले. "जवळ जाऊन हात लावून बघतो."

मी दाराचं लॉक दाबलं. "अण्णा, ही खाजगी जागा आहे. इथं लोकांकडे बंदुका असतात. असं कुणाच्या शेतात शिरायचं नसतं."

बायको म्हणाली, "अरे, त्या घरात जाऊन विचार ना. दोन मिनिटं."

घराच्या पोर्चवर खुर्चीत एक म्हातारा बसला होता. त्याने आमच्याकडे बघून हात वर केला आणि हलवला.

"बोलावतोय तो," अण्णा म्हणाले.

"हाकलतोय, अण्णा," मी म्हणालो आणि गाडी सोडली.

मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं आणि व्हिसावरचा माणूस पोस्टमनलाही बिचकतो, हे खरं. पण भीती हे पूर्ण उत्तर नव्हतं. त्या पोर्चवर जाऊन मला एक वाक्य म्हणावं लागलं असतं: माझे वडील भिंती रंगवायचे. ते वाक्य मी या देशात तोपर्यंत एकदाही उच्चारलं नव्हतं.

हर्नडनच्या ऑफिसात मी 'वडील अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्ये होते' असं सांगून ठेवलं होतं. दिवाळीला घरी मित्र जमले, तेव्हा त्यांतल्या एकाने आदराने अण्णांना विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या एजन्सीत होतात?"

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "एजन्सी कसली? शिडीवर होतो."

सगळे मोठ्याने हसले. काका काय भारी आहेत यार, असं झालं. मीही हसलो आणि 'जेवायला चला' म्हणून सगळ्यांना आत नेलं. अण्णा मागे सोफ्यावर एकटेच राहिले. त्यानंतर त्यांनी त्याबद्दल मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

विमानतळावर त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला ब्रश काढला. खारीच्या केसांचा, चपटा, दांडा झिजून बोटांच्या आकाराचा झालेला. तो त्यांनी का बरोबर आणला होता कुणास ठाऊक. "त्या कोठारवाल्याकडे जा. ज्याने रंगवलंय तो असेल तर त्याला हा दे. म्हणावं, एका पेंटरने दिलाय. आणि डावखुरा होता का, तेवढं विचार." मी हो म्हणालो. घरी येऊन ब्रश गॅरेजच्या खणात ठेवला.

दर रविवारी आमच्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी फोन व्हायचा. "विचारलंस का?" मालक घरी नव्हता. बर्फ पडलाय, रस्ता बंद आहे. ऑफिसात रिलीज आहे. चार महिने मी असं चालवलं. मग एका रविवारी मला त्या प्रश्नाचाच राग आला आणि मी म्हणालो, "विचारलं, अण्णा. तो पेंटर वारला. बरीच वर्षं झाली म्हणे."

मेलेल्या माणसाच्या पुढे काही काम निघत नाही, म्हणून त्याला मारला. दुसरं काही कारण नव्हतं.

"गेला का," अण्णा म्हणाले. मग: "पण डावखुरा होता ना?"

"होता."

ते इतके आनंदले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, ऐकलं का! डावखुराच निघाला!" आई तेव्हा होती. पुढच्या आठवड्यात ही गोष्ट चौकातल्या पानाच्या टपरीवर गेली, तिथून सगळ्या गावात. अमेरिकेत नुसती भिंत बघून माणसाचा हात ओळखला. ब्रश मालकाच्या घरी ठेवायला दिला, हेही मी सांगून टाकलं. एकदा सुरुवात झाल्यावर काही अवघड नसतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मध्ये आई गेली. अण्णांची नजर गेली, आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. फोनवर ते मला भिंतीबद्दल विचारतात. पिवळा टिकलाय का? पांढरा आधी जातो, बघ. मी त्या रस्त्याने जातच नव्हतो, पण टिकलाय म्हणायचो.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र मी गेलो. मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि एका शनिवारी ब्रश घेऊन गाडीत बसलो. त्या वळणानंतर कोठार नव्हतं. कुंपण होतं, सपाट केलेली लाल माती होती आणि डेटा सेंटर येणार असल्याचा छापील फलक. अशाच इमारतींच्या जोरावर मी या देशात जेवतो, तेव्हा त्याबद्दल तोंड उघडायचा मला हक्क नाही.

घर मात्र अजून उभं होतं. पासष्टीच्या एक बाई सामानाची खोकी बांधत होत्या. मी कोठाराबद्दल विचारलं तशा त्या हातातलं काम ठेवून बाहेर आल्या. जमीन विकली, कोठार पाडलं, म्हणाल्या. फळ्या एका माणसाने नेल्या, तो रेस्टॉरंटांच्या भिंती सजवायला जुनं लाकूड पुरवतो.

"ती जाहिरात कोणी रंगवली होती?" मी विचारलं. सहा वर्षं अडलेला प्रश्न तीन सेकंदांत विचारून झाला.

"माझ्या वडिलांनी. पोरसवदा असल्यापासून अशी कितीतरी कोठारं रंगवली त्यांनी. शेवटची वर्षं माझ्याकडेच होते. इथं पोर्चवर बसायचे. गाडी हळू झाली की हात करायचे. म्हणायचे, आज कोणीतरी उतरेल. लोक फोटो काढायचे आणि जायचे." त्या हसल्या. "दोन हिवाळ्यांपूर्वी गेले."

मी मारला तेव्हा तो माणूस जिवंत होता, आणि त्यानंतर चार वर्षं तो इथं हात करत बसला होता.

"ते डावखुरे होते का?"

"नाही, उजव्या हाताचे. का हो?"

मी काहीतरी पुटपुटलो. ब्रश गाडीत होता. तो द्यायचा तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि बाईंना घर रिकामं करायचं होतं. ब्रश गाडीतच राहिला.

तो फराटा उलटा का, याचं काहीतरी कारण असणार. एवढ्या उंच भिंतीवर दोराला लोंबकळून रंगवताना हात कसा पडतो, अण्णांनी मला चुटकीसरशी समजावलं असतं. पण त्यासाठी आधी मला खरं सांगावं लागलं असतं. तेच करायचं ठरवून मी दुसऱ्या दिवशी फोन लावला. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

फोनवर मागे गजबज ऐकू येत होती. टपरीवरचे त्यांचे दोघे म्हातारे दोस्त घरी आले होते. अण्णा मोठ्याने म्हणाले, "बरा सापडलास. हा गाढव म्हणतो मी अमेरिकेतल्या थापा मारतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तुझा बाप आंधळा झाल्यावर जास्त बघायला लागलाय!"

"सांग रे ह्याला," अण्णा म्हणाले. "तो डावखुरा होता की नाही?"

सहा वर्षांपूर्वी मी बोललो, तेव्हा मला खरं काय ते माहीत तरी नव्हतं.

"होता, अण्णा," मी म्हणालो.

"ऐकलंस?" ते दोस्ताला म्हणाले. मग आवाज खाली आणून मला विचारलं, "भिंत आहे ना अजून?"

"आहे."

"पिवळा?"

"पिवळाही आहे."