वळसंगच्या सरांच्या दुरुस्त्या

सात रस्ता चौकाजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एंटर दाबण्याआधी तो दरवेळी बोट शर्टाला पुसतो.

आम्ही दोघांनी इंटरनेटवर ठेवलेला मराठी-कन्नड शब्दकोश सगळ्यांना खुला, फुकट. त्याचा कोड यंदा जुन्या एसव्हीएनमधून गिटवर, म्हणजे कुणी काय बदललं याच्या नोंदी ठेवणाऱ्या नव्या व्यवस्थेत, न्यायचा होता. मी म्हणालो, "आजचा कोड तेवढा उचल. जुन्या नोंदी कोण बघतंय?"

"असं कसं सर? कुणी काय केलं ते पुसूनच जाईल की."

जुन्या पद्धतीत फक्त बदल चढवणाऱ्याचं नाव राहायचं, आणि चढवायचा नेहमी तोच. आठवडाभर गिऱ्हाइकं सांभाळत तो एकेक नोंद वाचत बसला.

काम झाल्यावर मी यादी उघडली, तर जागोजागी माझं नाव! वळसंगच्या शाळेतून मी वहीच्या कागदावर चुका लिहून पाठवायचो. तेव्हा प्रत्येक नोंदीत त्यानं 'वळसंगच्या सरांनी सांगितलं' असं लिहून ठेवलं होतं. आता ते वाचून त्या नोंदींवरचं स्वतःचं नाव काढून त्यानं माझं घातलं होतं.



"तुझ्यावर लिहिणार आहे," परवा त्याला म्हटलं.

त्यानं बोट शर्टाला पुसलं. "लिहा की. नाव तेवढं नका घालू."