दोन दोऱ्यांची चादर

दवाखान्याच्या धोबीखान्यात तिला सगळे कडकबाई म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं, दुसरं कोण ठेवणार. तिने इस्त्री केलेली चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, इतकी कडक. 'घडी मोडेल म्हणून नवरा पळाला का गं तुझा?' असं मी चिडवलं की इस्त्री माझ्या नाकाजवळ आणायची आणि हसत सुटायची.

डावा पाय लहानपणीच वाळलेला. टेबलाला पोट टेकवून, सगळा भार उजव्या पायावर टाकून बाई अठरा वर्षं उभी राहिली. त्यात ती कालव्यापलीकडची. बोलताना एखादा शब्द असा यायचा की नवी माणसं वळून बघायची. धोबीखान्यामागची खोली कामाबरोबर मिळालेली. तिथे ती आणि अंथरुणाला खिळलेली आई.

मग वाफेचं मोठं मशीन आलं आणि इस्त्रीची टेबलं हलली. मुकादमाने सांगितलं, बायकांसाठी शिवणखोलीत आठ जागा, अपंगांसाठी गेटवर दोन. बाकीच्यांना रजा कायमची, आणि खोली असेल तर तीही सोडायची.

कडकबाई निर्धास्त. "मी तर दोन्हीकडे बसते," म्हणाली.

"मज्जा आहे बाई. दोन-दोन ताटं मांडलीत तुला," मी म्हटलं.

आता आमचा मुकादम वर चढलेला तो कपडे निवडायच्या टेबलावरून. तिथली रीत अशी, की बायकांच्या वॉर्डाच्या चादरीला लाल दोरा, हाडांच्या वॉर्डाला निळा. एकाच चादरीला दोन्ही दोरे निघाले की भांडण नको म्हणून ती दोन्ही गठ्ठ्यांतून बाहेर काढायची आणि फाडून पुसणी करायची. याद्याही त्याने तशाच निवडल्या. बायकांत हिचं नाव दिसलं, तर 'ही अपंगांत असेल' म्हणून काट. अपंगांत दिसलं, तर 'ही बायकांत असेल' म्हणून काट. याद्या फळ्यावर लागल्या तेव्हा तिने दोन्ही तीनदा वाचल्या. मग मला वाचायला लावल्या.

मुकादम माणूस वाईट नाही. तिला बसायला खुर्ची दिली. "चूक झाली खरी. पण आता घालू कुठे तुम्हाला? गेटवर रात्रपाळी असते. बाईमाणूस नको म्हणतात वरचे."

"मग शिवणखोलीत घाला."

"तिथे पायाची मशीनं आहेत."

"गोदामात हाताचं पडलंय धूळ खात. ते चालवते."

"एकीसाठी काढलं तर बाकीच्या म्हणतील, हिचेच लाड का."

"मग गोदामाच्या किल्ल्या सांभाळते. बसून काम आहे."

मुकादम टेबलाकडे बघत म्हणाला, "पलीकडच्यांकडे किल्ल्या देत नाहीत, ताई. मी नाही, वरचे."

"यातलं घरी काय ठेवून येऊ तेवढं सांगा," ती म्हणाली. "पाय, बाईपण की पलीकडचं? उद्या ठेवून येते."

तो हसला. ती हसली नाही.

यादीतल्या आम्ही आठजणी दारात उभ्या होतो. ती आमच्याकडे वळली. "तुम्ही सांगा ना गं. हाताच्या मशीनला कुणाची हरकत आहे का?"

मशीनला कुणाचीच नव्हती. पण ती आत आली की आमच्यातली एक बाहेर, हे प्रत्येकीला कळत होतं. माझं तोंड जेवतानाही बंद नसतं, ते तेव्हा नेमकं बंद होतं. मी चपलेचा अंगठा बघत राहिले. एकजण पुटपुटली, "गेटवरच्यांशी भांड ना. पुरुष आहेत ते, मिळेल त्यांना दुसरं काही." गेटवरचे दोघे म्हणाले, बायकांशी भांडा.

शनिवारी खोली सोडायची होती. आईला उचलायला तिने मलाच बोलावलं, आणि मी गेले. एवढं तरी.

"खोलीला रंग देणार आहेत का गं?" आई विचारत होती. "परत कधी आणशील मला?"

"डोकं सांभाळ, दार लागेल," कडकबाई म्हणाली.

मी हळूच विचारलं, "पलीकडे जातेस का? तुझी माणसं असतील ना."

"तिकडे मला इकडची म्हणतात."

हातगाडीवर गादी टाकून आईला निजवलं. गाडीवाला म्हणाला, "कुठे घ्यायची?"

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या घरी एका खोलीत नवरा, सासू, तीन पोरं. मी आईचं पांघरूण नीट करत बसले, नीट होतं तरी.

"सध्या सरळ घे," ती गाडीवाल्याला म्हणाली.