कोरडा सदरा आणि ओला प्लग

"जीप पाठवू का?" असं पुणतांब्याच्या बुद्धविहारात व्याख्यान ठेवणाऱ्या कलामावशींनी फोनवर विचारलं होतं. मी नको म्हणालो. नुसतं नको म्हणून थांबलो असतो तर तो मी कसला! लोकांच्या वर्गणीवर वक्त्यानं जीप उडवू नये, यावर मी एसटीडी बूथमध्ये उभा राहून मावशींना चांगलं लांबलचक ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू ये म्हंजे झालं."

त्याला कारण होतं. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. आदल्या वर्षी याच व्याख्यानाला निघालो, पाऊस लागला, लोणीच्या अलीकडेच मोटरसायकल बंद पडली आणि मी टेम्पोतून संगमनेरला परत आलो. विहारातली माणसं अंधार पडेपर्यंत वाट बघत बसली होती. तरीही या वर्षी मावशींनी सगळ्यांपुढे शब्द देऊन माझंच नाव पुढे केलं. आता चुकलो असतो तर तोंड त्यांचं पडलं असतं.

व्याख्यानाचा विषय वर्षावास. पावसाळ्यात भिक्खूंनी गावोगाव फिरू नये, एका जागी राहावं, हे बुद्धांनी का सांगितलं, ते मी समजावणार होतो. भर पावसात, मोटरसायकलवरून जाऊन.

तयारी मात्र जंगी होती. भाषणाचा पांढरा, इस्त्रीचा सदरा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधला. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगसाठीही उपाय केला. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत टाकीवरून ओघळणारं पाणी आणि पुढच्या चाकाचा चिखल थेट प्लगवर येतो. प्लगला तार जोडणाऱ्या टोपीत पाणी शिरलं की करंट प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर इंजिनात उतरतो. हे मी वाचलेलं होतं. म्हणून दुधाची जाड पिशवी दोन्हीकडून कापून टोपीवर चढवली, खालची बाजू रबरानं घट्ट बांधली, आणि वरची तारेभोवती सैल सोडली. तारेला हवा लागावी म्हणून.

मागच्या सीटवर माझी बायको लता. लोणीपर्यंत रस्ता बरा, दोन्ही बाजूंना ऊस. बाभळेश्वरच्या चौकात गरम भजी मिळतात, ती चुकवू नका. राहाता सोडून पुणतांब्याच्या रस्त्याला लागलो आणि पाऊस कोसळला. खड्डा कुठला आणि रस्ता कुठला, काही कळेना. गाडी दोनदा ठसकली आणि गप्प झाली.

किका मारून गुडघा दुखला, तेव्हा गाडी ढकलू लागलो. सायकलवर पेरूची पाटी बांधून चाललेले एक काका थांबले. "पावनं, गाडी ढकलत न्यायची तर आनली कशाला?"

"हवेसाठी," लता म्हणाली. मग खाली वाकून तिनं माझी कारागिरी पाहिली. पिशवीत पाणी तुडुंब आणि टोपी त्यात बुडालेली. "अहो, तुम्ही हिला रेनकोट नाही, लोटा बांधलाय."

वरची बाजू घट्ट आणि खालची उघडी हवी, म्हणजे पाणी बाहेर पडेल, एवढं सोपं ते. आता पुसायला कोरडं फडकं हवं होतं. माझा रुमाल पिळण्याजोगा, तिचा पदर त्याहून ओला. तिनं माझ्या गाठोड्याकडे पाहिलं.

"तो सदरा नाही. सभेसमोर वक्त्याचं दिसणं..."

"सभेसमोर पोचायचंय ना? भाषण तिथं करा."

चारचं व्याख्यान होतं. मी तीन पिशव्या सोडल्या. त्या सदऱ्यानं प्लग, टोपी आणि तारेचं टोक अगदी आतपर्यंत पुसलं. लतानं पिशवी सरळ बांधली. तिसऱ्या किकेला गाडी धूर सोडत बोलू लागली. काकांनी दोन पेरू दिले आणि पैसे घेतले नाहीत. "बघाया मजा आली," म्हणाले.

विहाराच्या दारात कलामावशी उभ्या होत्या. मागं माणसं बसलेली. "जयभीम. औंदा आलास व्हय," एवढंच बोलल्या, आणि माझ्या ओल्या शर्टाकडे बघत टॉवेल दिला. तो सदरा मी तसाच अंगात घातला. छातीवर काळा पंजा उमटलेला. बोलायला उभा राहिलो तर मागून एका आजोबांचा आवाज आला, "पावसात फिरू नये म्हन्तात ते ह्याच्यामुळंच का?" विहार हसला. माझ्या तासाभराच्या भाषणाचं सार त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. तरी तासभर बोललोच. सवय.

घरी आल्यावर लतानं सदरा सोड्यात उकळला. डाग गेला नाही. घडी करून तो मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवला. पावसात निघणाऱ्यांनो, पिशवीचं तोंड खाली ठेवा, पुढच्या मडगार्डला रबराचा लांब पट्टा लावा, आणि एक फडकं खरोखर कोरडं ठेवा.

पुढच्या पावसाळ्यात मावशींचा फोन आला. मी उत्साहानं विषय सुचवू लागलो.

"इषय ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "लता संगं येनार हाय का, त्ये सांग. मंग तारीख धरते."