हिरव्या रंगाखालचा गंज

ती घटना आठवली की आजही कुठल्याही पाण्याच्या टाकीखालून जाताना माझी पावलं भराभर पडतात.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी कळमनुरीकडच्या एका गावातली बाई ठाण्यात आली. गावात नवी टाकी बांधली जात होती आणि तिचं घर कामाला लागूनच होतं. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, गंजक्या सळयाला हिरवा रंग मारून राहिले. म्या डोळ्यानं पाह्यलं. उद्या ती टाकी आमच्याच डोक्यावर येईन."

मी पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याला फोन लावला. सळई गंजू नये म्हणून कारखान्यातच तिला हिरवा लेप देतात, जागेवर कुणी रंग मारत नाही, असं तो म्हणाला. गंज धरला की सळई आतल्या आत फुगते आणि काँक्रीट तडकतं. वरून ते दिसायला मात्र वर्षं जातात.

पंच घेऊन आम्ही जागेवर गेलो. खांब भरून झाले होते, वरच्या कामाच्या सळया जमिनीवर होत्या. एकीवर नख ओढलं तर रंगाची सालच निघाली, खाली गंज. नमुने सील केले, काम थांबवलं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. सगळं गाव टँकरवर जगत होतं, आणि काम का अडवलं म्हणून वरून फोन सुरू झाले होते.

ठेकेदाराच्या सुपरवायझरला चौकशीला बसवलं.

"लेपाची खरी सळई विकली साहेब, ही जुनी रंगवून आणली. पण एवढाच माल बदलला. बाकी समदं बराबर हाय."

चहा दिला, तो तसाच निवला. जरा वेळानं त्यानंच विचारलं, "खांब फोडून तर पाहणार न्हाई ना?"

"खांबांचं नाव मी काढलं न्हाई," मी म्हणालो. "तू काहून काढलंस?"

तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

अभियंत्यांनी खांबाचा कोपरा फोडला. आतही तोच रंग, त्याखाली गंज. गुन्हा दाखल झाला, ठेकेदार आणि सुपरवायझरला अटक झाली, खांब पाडायचं ठरलं.

पाडकामाच्या दिवशी ती बाई लांब एकटीच उभी होती. "गावानं बोलणं टाकलं साहेब. म्हणतात, तुझ्यापायी पाणी लांबलं."

मी तिथेच लोकांना बोलावलं आणि खांबातली सळई त्यांच्या हातात दिली. ती हातोहात फिरली. ज्याच्या त्याच्या बोटांना गंज लागला. मग दगडावर बसलेली एक म्हातारी बाजूला सरकली आणि तिनं त्या बाईला शेजारी बसवून घेतलं.

आरोपपत्र गेलं की तपास संपला, असं मी मानत असे. खबर देणारीला तिच्या गावात परत जागा मिळेपर्यंत तो संपत नाही.