लहानूबाबांचा धामणीचा कामठा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. ही वही मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मुलीच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. तरी कधी कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांबद्दल मला माफ करावं आणि लहानूबाबांसाठी पुढे वाचावं. त्यांचा चांगला असा एकही फोटो नाही. आधार कार्डावर एक आहे, पण त्यात ते घाबरल्यासारखे दिसतात. खरे लहानूबाबा कुणाला घाबरत नसत.

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. लहानूबाबा आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. माझं माहेर मुरबाडकडचं, वैशाखऱ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मी कुणाशी बोलत नसे. पाणी भरायलासुद्धा बायका येऊन गेल्यावर जायची. माझी मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. सकाळी भाकऱ्या थापत होते, तर मागच्या दारात एक उंच, वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता छपराकडे बघत होता. नाक वर करून त्याने दोनदा वास घेतला.

"तुजी चूल रोज पेटते का गो?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"दोन टायमाला?"

मी पुन्हा मान हलवली.

"मग माजं काम झालं," असं म्हणून ते, म्हणजे लहानूबाबा, गेले आणि खांद्यावर दोन लाकडं घेऊन परत आले.

झालं होतं असं की त्यांच्या मुलाने, रामूने, घरात गॅस आणला होता. हळूहळू पाड्यावर सगळीकडे गॅस आला. आमच्याकडेही होता, पण सासूला गॅसवरची भाकरी गोड लागत नसे, म्हणून तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला. सगळ्या पाड्यात रोज दोन वेळा धूर फक्त आमच्याच चुलीचा. आणि लहानूबाबांना धूर हवा होता. ते कामठे करायचे, तीरकामठ्यातला कामठा. धामण नावाचं झाड असतं, त्याच्या लाकडाचा. ते लाकूड उन्हात वाळवलं तर फुटतं. चुलीवरच्या माळ्यावर ठेवून, धुरावर, एक अख्खा पावसाळा काढला की मग ते कामाचं होतं.

शिकार तर कधीच बंद झाली. "आता सशानं माजा पाय चाटला तरी मी हात उचलायचा नाय. फॉरेस्टवाले मला उचलतील," ते म्हणायचे. तरुणपणी पाड्यातल्या प्रत्येक घरात त्यांचा कामठा होता. आता वर्षाला एखादा कुणी मागायचा, भिंतीवर लावायला. पण भिंतीवरचा असला तरी ते खराच करायचे. कुणी म्हटलं, "बाबा, दिसायला बरा असला म्हंजे झालं," तर म्हणायचे, "दिसायला बरा मी पन हाय. दे ना मला बायको करून."

त्यांची एक पद्धत होती. कामठा ज्याचा, त्याच्या मापाचा. माणसाला अंगणात उभं करायचे आणि पायाच्या अंगठ्यापासून भुवईपर्यंत सुतळी धरायचे. जिथे भुवई येईल तिथे गाठ मारून ती सुतळी त्यांच्या दाराशेजारच्या खुंटीला टांगायचे. कामठा तयार होऊन माणसाच्या हातात गेला की ती गाठ सोडायची. गाठ खुंटीवर आहे तोवर ते त्या माणसाचे बांधील. मी त्यांना एकदा, फार धीर करून, विचारलं होतं की गाठ कापून का टाकत नाही. ते म्हणाले, "बांधली मी, तर सोडायची पन मीच. कापली तर पळाल्यासारकं होतं."

दर दोन-चार दिवसांनी ते मागच्या दाराने येत, माळ्यावर चढत आणि बोटाच्या पेराने लाकूड वाजवून बघत. ओलं असेल तर आवाज बसका येतो. मला म्हणायचे, "आईक. अजून झोपलंय." मग खाली उतरून कोरा चहा घ्यायचे आणि बोलत बसायचे. मी उत्तर दिलं नाही तरी त्यांना चालायचं. "तू बोलत नाय तेच बरं गो मुरबाडची. माजी बायको बोलायची, तवा मला लाकडाचा आवाज कळायचा नाय," असं म्हणून स्वतःच हसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

असाच कितीतरी वर्षं त्यांचा माळा आमच्याकडे होता. मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक साहेब आले. त्यांनी शहापूरजवळ फार्महाऊस बांधलं होतं, तिथल्या भिंतीवर त्यांना तीरकामठा हवा होता. माणूस चांगला, खूप उंच. लहानूबाबांच्या दारातून वाकून आत गेला तरी कपाळ आपटलंच. बाबांनी माप घेतलं, तर सुतळी पुरेना, दुसरी जोडावी लागली. चार हजार ठरले. दोन हजार साहेबांनी तेव्हाच हातावर ठेवले. बाबांचा तेव्हा खोकला चालू होता. ते पैसे शहापूरला डॉक्टर आणि औषधात गेले. "शिमग्याला या," त्यांनी सांगितलं होतं. आमच्या माळ्यावर दोन लाकडं वाळत आलेली होती. त्यातलं लांब आणि सरळ होतं ते साहेबांचं.

ते मी फोडलं.

माघात नणंदेचं लग्न निघालं. घरात पन्नास माणसं. दोन दिवस चूल विझली नाही, आणि मोठी भांडी चढवायची म्हणून मी जाळ वाढवला. माळ्यावर लाकूड आहे हे मला माहीत होतं. ते खाली काढून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. हळदीच्या दिवशी दुपारी वरून 'टाक' असा आवाज आला. त्या गडबडीत दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही, मला आला. रात्री चढून पाहिलं, तर टोकापासून वीतभर चीर गेली होती. मी लाकूड फिरवून वरच्या बाजूची चीर खाली केली. चार दिवस कुणाला बोलले नाही.

बाबा आले, वर चढले, आणि एकदाच वाजवलं. खाली उतरले तेव्हा सासू तिथेच बसली होती. तिने विचारलं, "काय ओ, झालं का तुमचं?"

"नाय. तडकलं. माजंच चुकलं. टोकाला शेण लावायचं इसरलो," ते म्हणाले.

शेण त्यांनी माझ्यासमोर लावलं होतं. मी अंगणात त्यांच्या मागे गेले आणि नुसती रडायला लागले. ते थांबले. म्हणाले, "लाकूड गेलं गो, तू नाय ना गेलीस. दुसरं हाय. पन माज्या डोळ्यांत आता सारवण झालंय, दिसत नाय, आंगाला ताकद नाय. उद्यापासून मी सांगतो, तू कर."

सासू म्हणाली, "बाईमाणसानं कामठ्याला शिवू नये."

बाबा म्हणाले, "वहिनी, सात वरसं हिच्या धुरावर वाळतंय. शिवायचं काय राहिलं?"

अशी मी कामठा करायला शिकले. दुपारी घरचं आवरलं की त्यांच्या ओट्यावर जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, लाकूड माझ्या बाजूला धरलं आणि वरून चांगलं वीतभर टोक करवतीने कापून टाकायला लावलं.

मी म्हटलं, "चांगलं आहे की."

"जास्तीचं हाय," ते म्हणाले.

मग कोयता. लाकडाला पाठ असते आणि पोट असतं. सालीकडची ती पाठ. पाठीला कोयता लावायचा नाही, नुसती साल सोलायची. तासायचं ते पोट. "पाठीचा एक धागा तुटला तर कामठा तुज्याच तोंडावर मोडंल," ते सांगायचे. कोयत्यानंतर फुटक्या काचेने खरवडायचं, तेही मीठ-भाकरी खाल्ल्यासारखं सावकाश. मधली मूठ मी माझ्या हातात धरून बघायची आणि बोटं जिथे बसतील तिथे कोरायची. मग दोरी चढवून, पायाने मूठ दाबून थोडी ओढायची आणि बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का.

"सारक्या हायेत?" ते विचारायचे. त्यांना दिसत नव्हतं.

"वरची कमी वाकते."

"तू म्हनतेस तर काढ तितनं. मला काय विचारतेस? डोळे तुजे."

माझ्या शब्दावर कुणी काही करावं, असं तोवर झालं नव्हतं. मी बोलायला लागले ती तिथे. ओट्यावर काम करता करता त्यांनी त्यांच्या पहिल्या कामठ्याची गोष्ट सांगितली. त्यांचा बाप शिकवत होता. कामठा कुणाचा हे बापाने सांगितलं नव्हतं. "तयार झाला तवा माज्याच हातात दिला. म्हनला, पयला कामठा इकायचा नसतो. ज्यानं केला त्याचा तो." तो कामठा त्यांच्या घरात आढ्याला बांधलेला होता. मी ऐकलं आणि विसरले. माझ्या डोक्यात साहेबांचं काम होतं, आणि माझ्यामुळे उशीर झाला ते.

शिमगा होऊन गेला, साहेब काही आले नाहीत. चैत्रात कामठा झाला. मोहाचं तेल पाजलं, बांबूच्या सालीची दोरी चढवली. बाबांनी बोथट तोंडाचा एक तीर दिला आणि परड्यातल्या पेंढ्याच्या गंजीवर मारायला सांगितलं. पहिला तीर सासूच्या वाळवणापाशी पडला. ती ओरडली. दुसरा गंजीत गेला. बाबांना दिसलं नाही, आवाजावरून कळलं. "आता उठलं," ते म्हणाले. लाकडाबद्दल म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी रामूकडून धामणीचं एक लांब नवं लाकूड तोडून आणवलं, टोकांना शेण लावलं आणि आमच्या माळ्यावर ठेवलं. "हे सायबाचं. त्याला पुडच्या शिमग्याला बोलवू," म्हणाले. मी विचारलं, मग झालेला कुणाला? तर म्हणाले, "पावसाळाभर राहूदे माज्याकडं. मुरूदे."

आषाढात त्यांना ताप आला. पाच दिवसांत गेले. शेवटच्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते. खुंटीकडे हात करून म्हणाले, "गाठ राहिली."

पंधरा दिवसांनी रामूने मला बोलावलं. साहेब आले होते. बाबा गेल्याचं ऐकून ते खरंच हळहळले. रामू म्हणाला, "वहिनी, तो कामठा दिऊन टाकू. बाकीचे दोन हजार मिळतील, ते तू आन् मी वाटून घिऊ. मोकळं होऊ."

साहेबांनी कामठा हातात घेतला आणि जमिनीवर उभा केला. तो त्यांच्या छातीपर्यंतच आला. मुठीवर त्यांचा हात मावेना, दोन बोटं बाहेर. ते म्हणाले, "छान आहे, भिंतीवर शोभेल." मी खुंटीवरची सुतळी काढली आणि कामठ्याशेजारी धरली. गाठ कामठ्याच्या खूप वर आली. मला तेव्हा कळलं. माप खुंटीवर असताना बाबांनी टोक कापायला लावलं होतं. मी कामठा त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या बाजूला उभा केला. बरोबर भुवईला आला.

"हा द्यायचा नाही," मी म्हटलं. "हा माझा आहे. तुमचं लाकूड माळ्यावर आहे, पुढच्या शिमग्याला होईल."

"अगो, येडी का काय?" रामू म्हणाला.

साहेबांना तोवर थांबायचं नव्हतं, घराची वास्तुशांत होती. "राहू द्या, मग. ते पैसेही राहू द्या," ते चांगुलपणाने म्हणाले.

"पैसे मी देते," मी म्हटलं आणि सुतळी परत खुंटीला टांगली. "बाबांची गाठ आहे."

घरी सातशे होते, ते त्याच दिवशी दिले. त्या वर्षी माझ्या काकड्यांना वानरं लागली नाहीत. मी बांधावर कामठा घेऊन बसायची, बोथट तीर झाडाच्या खोडावर मारला की टोळी पळायची. भादव्यात शहापूरच्या बाजारात काकड्या विकल्या आणि आठशे दिले. उरलेले पाचशे दसऱ्याच्या आधी घेऊन मी एकटी फार्महाऊसवर गेले. फाटकातून आवाज द्यायला मला बराच वेळ लागला. साहेब बाहेर आले. त्यांनी पैसे मोजले नाहीत, तेव्हा मीच त्यांच्यासमोर मोजून दाखवले. शंभराच्या पाच नोटा. दोन हजार पुरे झाले.

परत येताना रामूच्या घरी गेले. खुंटीवरची सुतळी काढली आणि ओट्यावर बसले. बाबांची गाठ फार घट्ट होती, नखांनी निघेना. शेवटी दातांनी सोडवली.