नव्या बुटाला दाभण

माझ्या वडिलांना गल्लीत सगळे शंकासुर म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण बाबांना ते माहीत आहे, आणि कोण कोण म्हणत असेल याचाही त्यांना संशय आहे. जन्मभर त्यांनी धान्याच्या गोदामात माल तपासला. पोतं आलं की शिवणीकडे बघायचं नाही, व्यापाऱ्याच्या शपथेकडे तर नाहीच. बाजूने पोकळ नळी खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे आणि मगच तोंड उघडायचं. वर चांगला गहू आणि खाली खडे, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं की माणसंही त्यांना पोत्यासारखीच वाटायला लागली. ते निवृत्त झाले, सवय काही झाली नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली तरी म्हणतात, "आधीची संपली असेल त्याच्याकडची."

अशा माणसाला जावई मिळाला तो गॅरेजवाला! भाऊजी स्वभावाने मोकळे, कामाला चोख. पण बाबांच्या मते मेकॅनिक म्हणजे जो झाकलेल्या जागी काम करतो, आणि झाकलेलं म्हटलं की संपलंच.

बाबांची जुनी गाडी वळवताना पुढच्या चाकातून कट-कट असा आवाज यायला लागला. भाऊजींनी एक फेरी मारली आणि सांगितलं, "सीव्ही जॉइंट गेलाय, बाबा." इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाला तो सांधा असतो. त्यावर घड्याघड्यांचं एक रबरी टोपण असतं, त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर, बाहेरची धूळ आत, आणि सांध्याची वाट लागते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडीखाली न जाताच कळलं याला?"

काम चालू असताना ते गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले, डोळ्यांत तेल घालून. जुना सांधा निघाला, नवा खोक्यातून बाहेर आला, सगळं पाहिलं. पण नेमकं ग्रीस भरताना एक गिऱ्हाईक गप्पा मारत मध्ये येऊन उभं राहिलं. ते हललं तेव्हा भाऊजी बुटाची पट्टी आवळत होते. घरी येईपर्यंत बाबा एकच बोलत होते, "आत ग्रीस भरलं की नुसतीच हवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाबा पुढच्या चाकाशी वाकलेले, हातात पोती शिवायचं दाभण. त्याचं टोक त्यांनी मला दाखवलं. काळं, चिकट. "आहे ग्रीस," ते म्हणाले, जणू माल पास केला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मी हसलो आणि दात घासायला गेलो.

काही महिन्यांनी त्याच चाकातून पुन्हा कट-कट सुरू झाली. बाबांना जवळजवळ आनंदच झाला. "मी म्हणत होतो ना, कुठेतरी पाणी मुरतंय. खोक्यातून काढला तोही जुनाच, पुसून ठेवलेला." न्हाव्याकडे बोलले, किराणावाल्याकडे बोलले. बघता बघता भाऊजींची गिऱ्हाइकं सामानाची खोकी उघडून बघायला लागली. भाऊजी तरी हसण्यावारी नेत होते.

मग एका रविवारी जेवताना बाबा सरळ ताईलाच म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने सासऱ्यालाही सोडलं नाही." ताई खवळली. बाबांना असं काही ऐकवलं की मलाच बरं वाटलं. थोड्या वेळाने भाऊजींना वाढताना, खाली बघत, ती हळूच म्हणाली, "अहो, नवाच बसवला होता ना?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. ते हात धुऊन आले आणि म्हणाले, "चला, सगळ्यांसमोर उघडतो."

गॅरेजमध्ये त्यांनी चाक काढलं, बूट फडक्याने स्वच्छ पुसला आणि दाबला. एका बारीक गोल भोकातून ग्रीस बाहेर आलं. त्यात वाळू होती.

"हा फाटलेला नाही," ते म्हणाले. "कुणीतरी टोचलाय."

बाबांचा चेहरा उतरला. "मीच," ते म्हणाले. "दाभणाने. ग्रीस आहे का बघत होतो. पोत्याचं भोक मिटून जातं हो, मला वाटलं..."

भाऊजी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. "बाबा, रबर आहे ते, गोणपाट नाही!"

"चुकलो, जावईबापू. न्हाव्याला मी स्वतः जाऊन सांगतो." 'चुकलो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"राहू द्या. तुम्ही देवालाही सोडत नाही, तिथे माझं काय!"

सगळेच हसलो. ताईचा तर जीव भांड्यात पडला. भाऊजींनी नवा सांधा घातला, बोटांनी दाबून दाबून ग्रीस भरलं, वर बूट चढवला, पट्ट्या आवळल्या. मग हात पुसले आणि टॉर्च ताईच्या हातात दिली.

"ये, बघून घे."

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. ताईने टॉर्च घेतली, पण ती वाकली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाबा पुढे झाले. "तिला कशाला? संशय माझा होता."

"तुमचा होता तोवर मला हसू येत होतं," भाऊजी म्हणाले.