दहावा माणूस आणि रूथकाकूंचा पलंग

ज्या समाजात शेकडो माणसं असतात, तिथे कार्यक्रम होतात. जिथे नऊच असतात, तिथे किस्से होतात. कारण सोपं आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. आमच्यात महत्त्वाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जमले की दहाव्याची वाट बघत बसायचं. आणि माणसं नुसती बसली की बोलणारच!

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा पुलगावात आम्ही बरोब्बर नऊ होतो. कोणी मिलमध्ये, कोणी लष्कराच्या डेपोत, मी स्टेशनवर बुकिंग क्लार्क. आमचे पुढारी बिन्यामीनकाका, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. अख्ख्या नोकरीत त्यांच्यामुळे गाडी कधी लेट झाली नाही, आणि रिटायर झाल्यावर ही गोष्ट त्यांनी कोणाला विसरू दिली नाही.

*

काकांकडे त्यांच्या वडिलांचा सेफेर होता. सेफेर म्हणजे आमचं शास्त्र, चामड्यावर हाताने लिहिलेली मोठी गुंडाळी. अलिबागकडच्या त्यांच्या गावचे लोक इस्रायलला निघून गेले, तिथलं प्रार्थनामंदिर बंद पडलं, तेव्हा काकांनी सेफेर पुलगावला आणला आणि पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत ठेवला. तात्पुरता!

आता खाली सेफेर असताना वर पलंगावर झोपायचं कसं? काका-काकू जमिनीवर झोपू लागले. आणि ट्रंकेतून सेफेर निघेल तो स्वतःच्या घरात जायलाच, असं काकांनी जाहीर करून टाकलं. वर्षं गेली. रूथकाकूंची कंबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, जमिनीवर झोपायचं नाही."

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, औषध मला देऊ नका. देवाला एक खोली द्या. त्याला घर मिळालं की मला पलंग मिळेल."

*

खोली दिली शेठजींनी. रेल्वे फाटकाजवळ त्यांचं कापसाचं गोडाऊन होतं, त्यातलीच एक कोपऱ्यातली खोली. देताना त्यांनी विचारलं, "मूर्ती कोनती बसवता?"

"मूर्ती नसते आमच्यात," काका म्हणाले.

"मंग देव राह्यते कुठी?"

काका सरसावून बसले. "शेठजी, आमच्या शास्त्रात देव म्हणतो, माझ्यासाठी पवित्र जागा बांधा म्हणजे मी या लोकांमध्ये राहीन. त्या जागेत राहीन असं नाही म्हणत, लोकांमध्ये राहीन म्हणतो!"

शेठजींनी थोडा विचार केला. "लोकाइतच राह्याचं हाय, तं खोली काऊन पाह्यजे?"

काकांनी चहा संपवला. रस्त्यात मला म्हणाले, "माणूस हुशार आहे. याच्याशी धर्मावर बोलायचं नाही."

*

सेफेर ठेवायला पश्चिमेच्या, म्हणजे यरुशलेमकडच्या भिंतीला कपाट हवं होतं. महादेव सुताराने सागवानाचं सुंदर कपाट केलं. वर कळस, आत घंटा टांगायला हूक आणि दाराला जाळी.

"घंटा नको महादेवराव," काका म्हणाले. हूक निघाला. "कळस नको." कळस निघाला. "जाळी कशाला?"

"देवाले हवा नाई लागत?"

"आत देव नाही, पोथी आहे."

"मंग तं जाळी पाह्यजेच! देवाले वाळवी लागत नाई, पोथीले लागते!"

जाळी राहिली.

*

दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा लावली. ही एक बोटभर डबी असते, तिच्यात शास्त्राची वचनं लिहिलेला चामड्याचा तुकडा. जाता-येता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना. शेठजींचा मुनीम रुईचे बोरे मोजायला गोडाऊनमध्ये येई, तो आधी आमच्या दाराशी येऊन डबीला हात लावून जाई. काकांनी विचारलं, "तुम्ही कशाला?"

"भाव पडून राह्यला साहेब. आता कोन्त्याच देवाले सोडाचं नाई!"

*

खोली तयार झाली, पण सेफेर तिथे बसवायच्या प्रार्थनेलाही दहा पुरुष हवेत. आणि आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. मोजलं तर दृष्ट लागेल अशी भीती. म्हणून काका मोजत, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." आणि नवाला येऊन थांबत. "दहा नाही" असं म्हणायची वेळच येत नसे, कारण दहावा खरोखरच नाही!

शेठजींनी एकदा हे ऐकलं. म्हणाले, "पयल्यालेच नाई म्हन्ता, मंग दहावा येईन कसा? आमी धान्य मोजताना पयल्या मापाले 'लाभ' म्हन्तो."

पुढच्या शनिवारी काकांनी डोळे मिटून मोजायला सुरुवात केली, "लाभ, दोन नाही, तीन नाही..."

शास्त्रात बसतं का हे आम्ही विचारलं नाही. काकूंची कंबर बघता कोणताही उपाय करून बघायला आमची तयारी होती.

*

मग बातमी आली की डेपोत डेव्हिड नावाचे एक सुभेदार बदलून आलेत. काका कोट घालून त्यांच्याकडे गेले. मी बरोबर होतो. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर क्रूस होता.

काकांचा चेहरा इतका पडला की सुभेदारांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "काका, जुना करार आम्हीही मानतो. अर्ध्या पुस्तकापर्यंत मी तुमचाच आहे. तेवढ्यावर चालेल का?"

काका म्हणाले, "विचार करून सांगतो." हे फक्त औपचारिक असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खरंच विचार केला. दुसऱ्या दिवशी मला फाटकापाशी थांबवून म्हणाले, "नाही चालणार. पण जेवायला बोलाव त्यांना."

मोझेस आमच्यातला सर्वांत घायकुता. तो म्हणाला, "काका, बडनेऱ्याला एझ्रा आहे, तुमच्यासारखाच मालगाडीचा गार्ड. त्याला कधी रजा मिळत नाही. आपणच सेफेर घेऊन त्याच्या घरी जाऊ, तिथेच प्रार्थना करू."

काका कडाडले, "सेफेर माणसांकडे जात नसतो! माणसं सेफेरकडे येतात!"

विषय संपला. काकू चटई झटकायला लागल्या.

*

शेवटी एझ्राला एका रविवारची रजा मिळाली. खोलीला चुना लागला, कपाटाला नवा पडदा लागला. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. काकांनी ट्रंकेतून सेफेर काढून छातीशी धरला. चौघांनी त्यांच्यावर चार काठ्यांना बांधलेली पांढरी चादर धरली, आणि आम्ही गात-गात खोलीच्या दाराशी आलो. शेठजी, मुनीम, महादेवराव आणि सुभेदार आधीच येऊन उभे होते.

दहावा नव्हता.

ऊन चढलं. चादर धरणाऱ्यांचे हात भरून आले. तेवढ्यात फाटकावरचा गेटमन शेषराव पळत आला. "काका! तुमचा दहावा आला! पन गाडी घेऊन आला!"

झालं होतं असं, की ऐनवेळी दुसरा गार्ड आजारी पडला आणि एझ्राची रजा गेली. त्याची मालगाडी सिग्नल न मिळाल्यामुळे फाटकाच्या पुढे उभी होती. शेवटी गार्डचा डबा, आणि डब्यातून एझ्रा दोन्ही हात हलवत होता.

मोझेस म्हणाला, "बोलवा त्याला! पंधरा मिनिटांचं तर काम आहे!"

काका त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू त्याने दुसऱ्या देवाचं नाव घेतलंय. "गार्डने उभी गाडी सोडून यायचं?"

काकू स्टुलावर बसल्या होत्या. कमरेला हात लावून उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आज पण खालीच अंथरायचं ना?"

काकांनी दाराकडे पाहिलं. मेझुझाकडे पाहिलं. मग दाराकडे पाठ फिरवली आणि सेफेर घेऊन रुळांच्या दिशेने चालायला लागले.

चादरवाले चौघे मागे धावले. चादरीमागे आम्ही, आमच्यामागे शेठजी आणि सगळे. शेषरावने दोन्ही बाजूंची फाटकं बंद केली. गाडी उभी आहे म्हणून नाही. देव चाललाय म्हणून!

एझ्रा डब्यातून खाली उतरला. सेफेर कुठे टेकवायचा? त्याने आपली काळी लाइन-पेटी उतरवली, तिच्यात गार्डचे झेंडे-दिवे असतात. काकूंनी खांद्यावरची नवी शाल काढून पेटीवर घातली. काकांनी त्यावर सेफेर ठेवला आणि मोजलं, "लाभ, दोन नाही, तीन नाही..." दहाशी आवाज फुटला. मी काकांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

प्रार्थना अर्ध्यात होती आणि सिग्नल पडला. इंजिनने शिट्टी दिली. एझ्राने काकांकडे पाहिलं. इंजिनने परत शिट्टी दिली. काकांनी ऐकलं, एकही शब्द गाळला नाही, एकही शब्द घाईने म्हटला नाही. शेवटचं "आमेन" झालं तेव्हा एझ्राने हिरवा झेंडा उघडला.

घरी जाताना शेठजींनी मला बाजूला घेतलं. "मंग प्रतिष्ठा कोनाची झाली? खोलीची का डब्याची?"

मी म्हटलं, "काकांना विचारा." त्यांनी विचारलं नाही.

सेफेर कपाटात गेला. काकू घरी गेल्या आणि ठेवणीतल्या साडीसकट भरदुपारी पलंगावर आडव्या झाल्या, त्या दिवेलागणीला उठल्या.

*

त्यानंतर काका रोज संध्याकाळी फाटकापाशी येऊन उभे राहू लागले. मालगाडी जायची. शेवटचा डबा समोरून जाताना काका त्याच्याकडे हात पुढे करायचे आणि बोटं ओठांना लावायचे.

शेषरावला वाटलं, म्हातारा सवयीने सिग्नल देतोय. मग त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "काका, तो डबा एक होता. तुमी तं साऱ्याइलेच करून राह्यले!"

काका जरा ओशाळले. म्हणाले, "त्या दिवशी नंबर बघायचा राहिला रे."